प्रतिसाद: कोळसा धुतला की सगळं गंधक जातं का?

वर म्हटलंय की वॉशरीत (कोळसा धुण्याच्या कारखान्यात) कोळसा नीट धुतला की गंधक जातं, पण ते अर्धंच खरं आहे. गंधक कोळशात मुख्यतः दोन प्रकारे असतं, एक पायराइट म्हणून (लोखंड आणि गंधकाचं खनिज) आणि दुसरं कोळशाच्या रेणूंतच बांधलेलं, आणि हे दुसरं कितीही धुतलं तरी हलत नाही. पायराइटची घनता ५ च्या आसपास, कोळशाची साधारण १.३, म्हणून मॅग्नेटाइटची (जड लोहखनिजाची) पूड कालवून जड केलेल्या पाण्यात कोळसा तरंगतो नि पायराइट तळाला जातो, इतकं सोपं!

पण पायराइटचे दाणे कोळशापासून मोकळे झालेले असतील तरच. काही कोळशांत पायराइट चक्क काही मायक्रॉनचा असतो, तो सुटायला कोळसा फार बारीक दळावा लागतो, मग फ्रॉथ फ्लोटेशन (हवेच्या बुडबुड्यांना चिकटवून बारीक कोळसा वर आणणं) करावं तर पायराइटही बुडबुड्यांना चिकटून वर येतो, म्हणून त्याला वर येऊ न देणारी केमिकल्स घालावी लागतात.

आणि एक, ज्याबद्दल कोणीच बोललं नाही, वेगळा काढलेला पायराइट तसाच उघड्यावर टाकला तर हवा-पाण्याने त्याचं सल्फ्युरिक ॲसिड होऊन ओढे नासतात. त्या ढिगाची सोय आधी बघा, प्लीज.