आभासी क्षेत्रभेटीत विद्यार्थ्याला काय करता यायला हवे?

प्रश्न : कुशावतीकाठ

नमस्कार. मी गोव्यात भूविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आमच्याकडे आभासी क्षेत्रभेटीचे साधन तयार होत असून त्याबाबत विद्यार्थ्यांची बाजू मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. टाळेबंदीच्या काळात आमची सहल रद्द झाली, तेव्हा आम्हाला अनमोड घाटातील खडकांची ३६० अंशांची छायाचित्रे दाखवली गेली. ती स्पष्ट होती, परंतु प्रत्येक खडकावर आधीच बाण काढून नाव लिहिलेले होते. पुढे मी प्रत्यक्ष घाटात उभी राहिले, तेव्हा शेवाळ, माती आणि झुडपांमधून पट्टिताश्म (नाईस, पट्टे असलेला रूपांतरित खडक) नेमका कुठे उघडा पडला आहे, हेच मला शोधता येईना. अशा साधनात आपल्याला काय असायला हवे होते, हे कृपया अनुभवावरून सांगावे.

उत्तर : जांभ्याचा सडा

आपली अडचण मला अगदी ओळखीची वाटते. गोव्यात बराचसा मूळ खडक जांभ्याखाली आणि झाडीखाली दडलेला असल्यामुळे येथे खडक शोधणे हाच अभ्यासाचा अर्धा भाग आहे, आणि बाण काढून ठेवला की नेमका तोच भाग विद्यार्थ्याच्या हातून जातो. म्हणून नावे सुरुवातीला झाकलेली असावीत आणि विद्यार्थ्याने स्वतःचे निरीक्षण नोंदवल्यानंतरच ती उघडावीत. प्रत्येक चित्रात मोजपट्टी आणि उत्तर दिशा हवीच. त्रिमितीय प्रतिकृती दिशेसह नीट बसवलेली असेल, तर तिच्यावर नती (थराचा आडव्या पातळीशी असलेला उतार) आणि नतिलंब (थरावरील आडव्या रेषेची दिशा) मोजता येतात. ते मोजू द्यावेत, चुकूही द्यावेत, आणि दोन विद्यार्थ्यांची मापे वेगळी आली तर त्यावर वर्गात चर्चा व्हावी. खडकाचा झिजलेला आणि ताजा फोडलेला, असे दोन्ही पृष्ठभाग दाखवावेत, कारण पुष्कळदा ओळख त्या फरकावरच ठरते.

डिचोलीकडील खाणींत परवानगीशिवाय जाता येत नाही आणि त्यांच्या कडा धोकादायक असतात. तेथील पट्टेदार लोहखडकाच्या घड्या जवळून दाखवण्यासाठी मात्र या साधनाला पर्याय नाही.

उत्तर : मानशीजवळ

मी पर्यावरणशास्त्राची आहे, त्यामुळे माझी अपेक्षा थोडी वेगळी आहे. खाजन, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली खाडीकाठची शेतजमीन, पाहायला आम्ही सकाळी दहाला गेलो आणि दुपारी परतलो. भरतीचे पाणी चढू लागले की मानशीची (बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मोरीची) लाकडी दारे त्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या जोराने उघडतात, हे सरांनी समजावले. पण आम्ही पाहिली ती मिटलेली दारेच. एकाच जागी ठेवलेल्या कॅमेऱ्याने संपूर्ण भरती-ओहोटी टिपली, आणि तीच जागा पावसाळ्यात कोरगुट या खारेपणा सोसणाऱ्या भाताने भरलेली व उन्हाळ्यात मोकळी अशी दाखवली, तर एका दिवसाच्या सहलीत जे कधीच दिसणार नाही ते आम्हाला दिसेल. त्याच्या जोडीला पाण्याची क्षारता आणि पातळी यांचे प्रत्यक्ष आकडेही द्यावेत, म्हणजे आलेख आम्हाला स्वतः काढता येतील.

उत्तर : सत्तरी तालुक्यातील विद्यार्थिनी

मी चाकाच्या खुर्चीवर असते आणि माझ्या गावात नेटवर्क अधूनमधूनच मिळते. दोन गोष्टी मनापासून सांगते. सगळी सामग्री भागाभागांनी मोबाइलवर उतरवून ठेवता यावी आणि चित्रांसोबत लेखी वर्णन असावे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. वर्ग घाटात गेला असताना मला घरी बसून वेगळा, सोपा स्वाध्याय दिला गेला आणि त्याचे मला फार वाईट वाटले. मला माझ्याच गटाचे काम हवे आहे. गटातले मित्र खडकासमोर उभे असतील, तेव्हा मी नकाशा आणि प्रतिकृती पाहून पुढचे माप कुठे घ्यावे हे त्यांना सांगू शकेन, आणि अहवालावर आम्हा सर्वांची नावे असतील.

कुशावतीकाठ

आपणा सर्वांचे आभार. नावे झाकून ठेवण्याची आणि एकत्र गटकामाची सूचना मी याच आठवड्यात मांडते. गटकामाचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता, याची खंत वाटते. ‘मानशीजवळ’ यांना विचारते, चित्रण एकाच भरतीचे पुरेल का?

मानशीजवळ

पुरणार नाही. अमावास्येचे किंवा पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग (सर्वांत कमी चढ-उताराची भरती-ओहोटी), अशी किमान दोन चित्रणे घ्यावीत. उधाणाला पाणी बांधाच्या किती जवळ येते हे भांगाशेजारी ठेवून पाहिले, तरच बांधाची उंची तेवढी का ठेवली आहे ते कळते.