स्विस ट्रिप: हटवरच्या मुक्कामाचं आज काय ते ठरवा

ताई (म्युनिक): धाकटे काका, ट्रिपच्या प्लॅनची पीडीएफ आत्ता पाहिली. पहिलीच रात्र म्योंशयोख हटवर, गिर्यारोहकांच्या त्या डोंगरावरच्या निवाऱ्यात? ३६५० मीटर! सकाळी इंटरलाकेनला ५७० मीटरवर नाश्ता आणि रात्री तिथे झोप. हे कुणाला विचारून केलंत?

धाकटे काका: अगं, सगळ्यांना विचारलं होतं. वर जाऊन मेसेज बघ, पाच जणांनी अंगठा दिलाय. युंगफ्राउयोखपर्यंत ट्रेन आहे, पुढे बर्फातून आखलेल्या वाटेने तासभर. चढ जेमतेम २०० मीटर.

भाऊजी (ठाणे): १९१२ सालची ट्रेन आहे! आयगर शिखराच्या पोटातून बोगदा. खिडकीची सीट माझी.

वहिनी: बोगद्यात खिडकीतून काय दिसणार तुम्हाला 😄

आत्या (कोल्हापूर): तिथे शाकाहारी जेवणाचं कळवलंय का?

ताई: काका, चालण्याचा प्रश्नच नाही, झोपण्याचा आहे. ट्रेनने झटकन वर गेलं की शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. २५०० च्या वर डोकं दुखणं, मळमळ सुरू होऊ शकते. ३००० च्या पुढे तर मुक्काम रोज ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये म्हणतात.

धाकटे काका: केदारनाथ केलंय आपण. तेही ३५८३.

माई: केदारनाथचं नाव काढू नका भाऊजी. रात्रभर ह्यांना धरून बसले होते मी. तुम्ही सगळे गाढ झोपला होतात.

बापू: मला काही झालं नव्हतं. पोट बिघडलं होतं.

माई: पोट बिघडल्यावर माणूस बायकोला आई म्हणून हाक मारतो?

ताई: माई, हे मला आज कळतंय!! बापू, असं बरळणं पोटाचं नसतं, मेंदूला सूज येत असल्याचं लक्षण असू शकतं. त्यावर खरा उपाय म्हणजे लगेच खाली उतरणं. आणि इथे संध्याकाळची शेवटची गाडी गेली की उतरणार कसे? १४१४ ला फोन करून रेगाचं, म्हणजे स्विस हवाई बचाव सेवेचं, हेलिकॉप्टर बोलवायचं. हवा बिघडली असेल तर तेही येत नाही.

भाऊजी: मी भाकरवडीची १० पाकिटं घेतोय. कुणाला अजून हवीत?

वहिनी: विषय काय चाललाय आणि तुमचं काय!

आत्या: शाकाहारीचं कळवलं का? हटवर आधी सांगावं लागतं असं ऐकलंय.

धाकटे काका: दर वेळी राबायचं मी. व्हिसा मी, तिकिटं मी, हिशेब मी. म्युनिकहून फक्त चुका येतात.

वहिनी: हिशेबाचं निघालंच आहे तर महाबळेश्वरचा अजून बाकी आहे.

धाकटे काका: तो मी ग्रुपवर टाकला होता. दोनदा.

ताई: काका, तुमच्याइतकं कुणीच करत नाही, मला माहितीये. म्हणूनच वेळेत सांगतेय. असं करूया. आधी ग्रिंडेलवाल्डला दोन रात्री, १०३४ मीटर. मग क्लायने शायडेगला दोन, २०६१. तिथून एक दिवस सगळे युंगफ्राउयोखला जाऊ, ग्लेशियर बघू, संध्याकाळी परत. कुणाचं डोकं दुखतं ते त्या दिवशीच कळेल. ज्यांना बरं वाटेल त्यांनी दुसऱ्या दिवशी हटवर मुक्काम करावा. तरीही उडी मोठीच आहे, त्यामुळे सगळ्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. बीपीच्या गोळ्या असणाऱ्यांनी तर नक्कीच.

वहिनी: हटवर गरम पाणी असतं ना?

ताई: अंघोळ विसरा. वर पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ, प्यायचं विकत घ्यायचं. एका खोलीत अनोळखी माणसांशेजारी गाद्या, प्रत्येकाचं पातळ लायनर (आत शिरून झोपायची चादरीची पिशवी) हवंच. बूट खाली काढायचे. रात्री दहाला सगळं शांत, कारण शिखरावर जाणारे पहाटे अंधारातच उठतात. पण बाहेर येऊन बघाल ना, तारे इतके जवळ मी कुठेच पाहिले नाहीत. त्यासाठीच वाटतं की सगळ्यांनी धडधाकट यावं.

आत्या: शाकाहारी???

धाकटे काका: आत्या, आजच मेल करतो. बुकिंग बदलायचंच आहे, उगाच दुसऱ्या कुणाच्या जागा अडायला नकोत. हटवर आठ लिहू की सहा? बापू, तुम्ही सांगा.

माई: हे टाइप करतायत.

बापू: सहा.