कार्टून चॅनलला 'व्यंगचित्र वाहिनी' म्हणावं का?

विचारणा : इंदिरानगर, नाशिक

नमस्कार मंडळी. आमच्या शाळेत २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचं भित्तिपत्रक लागतं. तात्यासाहेब शिरवाडकरांचं गाव म्हटल्यावर तयारी दणक्यात असते. यंदा सातवीच्या मुलांनी विषय घेतलाय तो भारतातल्या कार्टून चॅनलांच्या इतिहासाचा. लेख त्यांचा त्यांनी लिहिला आणि मन लावून लिहिला. तपासताना एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी 'कार्टून चॅनल' सगळीकडे खोडून 'व्यंगचित्र वाहिनी' केलं. एक मुलगी मला म्हणाली, "बाई, व्यंगचित्र पेपरात असतं. ते हलतं कुठे?" मला तिचं पटतंय, पण नुसतं पटून भागत नाही, आधार हवा. दुसरं म्हणजे, एकच चॅनल हिंदी, तमीळ, तेलुगूत दिसतं त्याला 'बहुभाषिक वाहिनी' म्हणायचं का?

गंगापूर रोड

'व्यंगचित्र वाहिनी' चालेल की. वर्तमानपत्रांतही वाचलेलं आठवतं. मराठी दिनाच्या भित्तिपत्रकावर तरी इंग्रजी शब्द नकोत.

पंचवटी

मराठी शब्द हवा हे मान्य. पण हा मराठी शब्द दुसऱ्याच वस्तूचा आहे. व्यंगचित्र म्हणजे माणसातलं किंवा समाजातलं व्यंग हेरून ते वाढवून काढलेलं चित्र. १९६० साली 'मार्मिक' निघालं ते व्यंगचित्र साप्ताहिक म्हणूनच, आणि तिथून हा शब्द घरोघरी रुजला. त्यात टीका आहे, टोमणा आहे. चिमटा न काढता नुसतं हसवणारं चित्र असेल तर त्याला आपण 'हास्यचित्र' म्हणतो. मराठीनं हा फरक जपलाय. उंदराच्या मागे धावणाऱ्या मांजरात कोणाचं व्यंग दाखवायचंय?

इंग्रजीतसुद्धा हा शब्द सारखा घरं बदलत आलाय. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ जाड कागद. भिंतीवर मोठं चित्र काढण्याआधी चित्रकार त्या कागदावर पूर्ण आकाराचा आराखडा करत, तो कार्टून. १८४३ मध्ये लंडनमध्ये पार्लमेंटच्या नव्या इमारतीसाठी असे आराखडे प्रदर्शनात मांडले होते. 'पंच' साप्ताहिकानं त्यांची खिल्ली उडवत स्वतःची टीकाचित्रं त्याच नावानं छापली, आणि शब्दाला व्यंगचित्राचा अर्थ चिकटला. हलत्या चित्रांचा अर्थ त्यानंतरचा, विसाव्या शतकातला. आपण मधल्या अर्थाचं भाषांतर उचलून शेवटच्या अर्थाला लावतोय. तुमच्या विद्यार्थिनीनं नेमकं तेच पकडलंय, तिला शाबासकी द्या.

आता इतिहासाबद्दल, कारण लेख त्यावर आहे. अमेरिकन टीव्ही उद्योजक टेड टर्नर यांनी १९८६ मध्ये एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीचा जुना चित्रसंग्रह घेतला, त्यात टॉम अँड जेरी आले. १९९१ मध्ये हॅना-बार्बेरा या कार्टून बनवणाऱ्या कंपनीचा संग्रह घेतला. एवढा साठा हाताशी आल्यावर दिवसभर फक्त कार्टून दाखवणं शक्य झालं, आणि १ ऑक्टोबर १९९२ ला अमेरिकेत कार्टून नेटवर्क सुरू झालं. भारतात ते १ मे १९९५ ला आलं, महाराष्ट्र दिनीच. दिवसा कार्टून आणि रात्री त्याच जागी टीएनटी या टर्नर यांच्याच दुसऱ्या चॅनलचे जुने इंग्रजी चित्रपट. पोरांचा हिरमोड व्हायचा, पण दुसरा इलाज नव्हता.

तेव्हा सगळं इंग्रजीत होतं, तरी आमच्या वाड्यातली मराठी शाळेतली पोरं टॉम अँड जेरीला खिळून बसायची. त्यात बोलणं जवळपास नाहीच, सगळी गंमत संगीतात आणि आपटण्यात. भाषेची गरज पडली ती पुढे, बोलणारी पात्रं आवडू लागल्यावर. मग हिंदी आली, पाठोपाठ तमीळ आणि तेलुगू. मराठी तेव्हा आली नाही. आपली एक अख्खी पिढी मराठी घरात बसून हिंदी कार्टून बघत मोठी झाली, याची मला आजही खंत वाटते. 'कार्टून' हा शब्द मराठीत पक्का झाला तो याच वर्षांत.

सिडको

मी केबलच्या धंद्यात आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. जुन्या केबलमध्ये आमच्या कंट्रोल रूमला एकेका चॅनलचा एकेक रिसीव्हर असायचा. वरून चित्र एकच यायचं, सोबत दोन-तीन ऑडिओ. त्यातला कुठला सोडायचा ते आम्ही ठरवायचो, आणि तोच सगळ्या घरांत जायचा. अंबडच्या कारखान्यांतली तमीळ कुटुंबं फोन करून तमीळ लावा म्हणायची, पण एकासाठी बदलला तर सगळ्यांचा बदलणार. म्हणून हिंदी. २०१३ मध्ये नाशिक डिजिटल झालं, घरोघरी सेट टॉप बॉक्स बसले, आणि भाषेचं बटण गिऱ्हाइकाच्या हातात गेलं. चॅनल बहुभाषिक आधीपासून होतं, बघणाऱ्याला ते कळलं बॉक्स आल्यावर.

आमच्यात 'भाषा' कोणी म्हणत नाही. 'ऑडिओ बदला' म्हणतात.

पंचवटी

वा, हे मोलाचं सांगितलंत दादा. मग नेमकेपणानं असं लिहिता येईल : चित्र एक आणि ध्वनी अनेक असतील तर 'बहुभाषिक वाहिनी'. २००४ च्या १७ डिसेंबरला आलेलं डिस्ने चॅनल यातलंच, पहिल्यापासून इंग्रजी, हिंदी, तमीळ आणि तेलुगूत. सन समूहाचं २००७ चं चुट्टी टीव्ही फक्त तमीळ, ते एकभाषी. आणि ईटीव्हीनं २७ एप्रिल २०२१ ला बाल भारत सुरू केलं, अकरा भारतीय भाषा आणि इंग्रजी, मराठी धरून. तिथे एकेका भाषेची वेगळी वाहिनी आहे. त्याला मी 'बहुभाषिक वाहिनी' म्हणणार नाही, 'वाहिनीसमूह' म्हणेन.

मेनरोड

शब्द कुठला ते तुम्ही ठरवा, पण पोरांनी या चॅनलांच्या नावांचं काय केलंय तेही भित्तिपत्रकात येऊ द्या. १ जानेवारी २००४ ला पोगो आलं. थोड्याच वर्षांत कॉलेजच्या कट्ट्यावर "तुला नाही कळायचं, जा पोगो बघ" सुरू झालं. म्हणजे तू अजून लहान आहेस. चॅनलच्या नावाचा वाक्प्रचार झाला! चष्मेवाल्या, रडव्या मुलाला नोबिता, आगाऊ पोराला शिनचॅन, दांडग्याला छोटा भीम. आणि माणसालाच 'कार्टून' म्हणणं तर सर्रास : "काय कार्टून आहे यार तो."

यावरून एक विचारतो. आजी नातवाला 'कार्टं' म्हणते, ते यातूनच आलं का?

पंचवटी

नाही. कार्टं, कार्टा, कार्टी हे आपले जुने शब्द. टीव्ही नव्हता तेव्हाही आया पोरांना कार्टं म्हणत होत्या. ध्वनी जुळतो, नातं नाही.

सातपूर

व्याकरणाचंही बघा. 'ते कार्टून', नपुंसकलिंग. अनेकवचन बोलताना 'कार्टुनं', लिहिताना 'कार्टुने', फूल-फुले सारखं. सामान्यरूप मात्र बहुतेक जण करत नाहीत : 'कार्टूनला', 'कार्टूनमध्ये'. पण माझी पुतणी 'कार्टुनात' म्हणते आणि ते कानाला अजिबात खटकत नाही. ज्या शब्दाचं अनेकवचन आपल्या नियमानं होतं तो शब्द मराठीच, असं माझं मत.

तरीही देशी शब्द हवाच असेल तर 'सचेतनपट' आहे. ॲनिमेशनच्या मुळाशी लॅटिनमधला प्राण आहे, त्यामुळे अर्थ चपखल बसतो. आणि नाशिकच्या मुलांनी हे लिहायलाच हवं की त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या एकेक चित्रचौकटीगणिक सरकवून त्या पडद्यावर नाचवल्या होत्या. त्या लघुपटाचं नाव 'आगकाड्यांची मौज'. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, मुलांना तिथे घेऊन जा.

इंदिरानगर

सगळ्यांचे मनापासून आभार. सहकाऱ्यांना हे सगळं वाचून दाखवलं. 'व्यंगचित्र' काढायला ते तयार झाले, 'वाहिनी' राहू दे म्हणाले. 'कार्टून वाहिनी' ठरलं. फाळक्यांची चौकट मुलं वेगळी करणार आहेत.

देवळाली कॅम्प

उशिरा लिहितेय. कार्टून आता मराठी ऑडिओतही मिळतात. 'सोनी ये' या मुलांच्या चॅनलवर आमच्याकडे मराठी लावलं. धाकटा आधी कुरकुरला, आवाज वेगळे वाटतात म्हणाला, मग रमला. पूर्वी खेळताना 'बचाओ, बचाओ' चालायचं, परवा 'वाचवा रे' ऐकू आलं. 'गायब झाला'च्या जागी 'गडप झाला'. बाई, वर्गात विचारून बघा, किती घरांत ते बटण दाबून पाहिलंय. आमच्या बॉक्सवर तमीळ आणि तेलुगूच्याही खाली मराठी होतं, त्यामुळे कितीतरी दिवस दिसलंच नव्हतं.