गुडघ्यातील डिफ्यूज पीव्हीएनएस: दुर्बिणीची शस्त्रक्रिया पुरेशी ठरते का?

प्रश्न
माझ्या 31 वर्षांच्या धाकट्या भावाचा उजवा गुडघा दीड वर्षापासून अधूनमधून सुजतो. मार लागलेला नाही, तापही येत नाही. पाणी काढले तेव्हा सिरिंजमध्ये विटकरी-तपकिरी द्रव आला. क्षयाच्या शंकेने केलेल्या तपासण्यांत काही निघाले नाही. अखेर एमआरआय आणि बायोप्सीवरून डिफ्यूज पीव्हीएनएस (पिगमेंटेड व्हिलोनोड्युलर सायनोव्हायटिस, म्हणजे सांध्याच्या आतल्या अस्तराची सर्वत्र पसरलेली वाढ) असे निदान झाले. एक डॉक्टर दुर्बिणीतून अस्तर काढू म्हणतात, तर दुसऱ्यांच्या मते मागच्या बाजूने छेद घेऊन उघडी शस्त्रक्रियाही करावी लागेल. हा कर्करोग तर नव्हे ना?

प्रतिसाद 1
ताई, हा कर्करोग नव्हे. सांध्याच्या अस्तरातील काही पेशी सीएसएफ-1 हे प्रथिन प्रमाणाबाहेर बनवतात, त्यामुळे तेथे दाहाच्या पेशी गोळा होऊन अस्तर झालरीसारखे वाढते, त्यातून रक्त झिरपते आणि लोह साचते; सिरिंजमधला तो विटकरी रंग याच लोहाचा. पीव्हीएनएस हे नाव 1941 मधले आहे. आता अहवालात टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर असे लिहितात, पण त्यातील 'ट्यूमर' शब्दाने घाबरू नये. आजार निरुपद्रवी मात्र नाही, कारण दुर्लक्ष केल्यास तो कूर्चा आणि हाड पोखरतो.

दोन्ही डॉक्टरांच्या म्हणण्यात मला विरोध दिसत नाही. पुढचा भाग दुर्बिणीतून चांगला साफ होतो. परंतु गुडघ्यामागच्या लवणीत, मुख्य रक्तवाहिनी आणि नसेच्या शेजारी आजार पसरला असेल, तर तेथे छेद घेऊन जाणे पुष्कळदा अधिक खात्रीचे ठरते.

प्रतिसाद 2
मी स्वतः यातून गेले आहे. पहिल्या वेळी केवळ दुर्बिणीतून अस्तर काढले आणि लवणीतला भाग तसाच राहिला, हे तीन वर्षांनी पायऱ्या उतरताना मागून ताण जाणवू लागला तेव्हा कळले. दुसऱ्यांदा दोन्ही बाजूंनी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर गुडघा आखडू नये म्हणून दुसऱ्याच दिवसापासून व्यायाम सुरू केला; टाच चादरीवरून इंच-इंच मागे ओढताना डोळ्यांत पाणी येई, पण तो व्यायाम चुकवू देऊ नका. पुन्हा उद्भवण्याचा धोका असल्याने एमआरआयचा पाठपुरावाही सोडू नये.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. यावर गोळ्या नाहीत का?

प्रतिसाद 1
आहेत. पेक्सिडार्टिनिब या औषधाला अमेरिकेत 2019 मध्ये मान्यता मिळाली, पण यकृतावरील गंभीर परिणामांमुळे ते शस्त्रक्रियेने सुधारणा होण्यासारखी नसलेल्या रुग्णांपुरतेच ठेवले गेले. तुमच्या भावाच्या बाबतीत आधी एमआरआयची फिल्म घेऊन बसा आणि लवणीत नेमके किती पसरले आहे, ते दोन्ही डॉक्टरांना बोट ठेवून दाखवायला सांगा.