कुंपणावरची कळलावी : पाटीवर कोणतं नाव लिहायचं?

बी-१०३ ताई : मागच्या कुंपणावर, जनरेटरच्या खोलीजवळ हे फूल आलंय. पाकळ्या कडेला नागमोडी, वरच्या बाजूला वळलेल्या, खाली पिवळ्या आणि टोकाला लाल. फोटो टाकलाय. मोबाईलवर शोधलं तर 'ग्लोरी लिली' येतंय. आपल्याकडं काय म्हणतात?

ए-२०४ काकू : अगं बाई, ही कळलावी! घराजवळ नको गं. भांडणं लागतात.

सेक्रेटरी : उद्या माळीदादा गवत काढायला येणारच आहेत. उपटायला सांगतो.

सी-३०१ सर : साहेब, उद्याचा दिवस थांबा, विनंती आहे. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, यवतेश्वरच्या घाटात पावसाळ्यात ही आपोआप उगवते. आपल्या कुंपणावर आली हे चांगलंच झालं. आणि काकू, नावातली कळ भांडणाची नव्हे असं माझं मत आहे. 'कळलाव्या' हा शब्द रोज कानावर पडतो, म्हणून आपल्याला आधी भांडण आठवतं. ही कळ बाळंतपणाची. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून हिचा कंद वापरायचे. संस्कृतात हिचं एक नाव 'गर्भनुत्' आहे, म्हणजे गर्भाला बाहेर लोटणारी. भांडणाचा समज शब्दाच्या दुसऱ्या अर्थामुळं मागून चिकटला असावा.

ए-२०४ काकू : माझ्या सासूबाई तर फूलसुद्धा उंबऱ्याच्या आत आणू द्यायच्या नाहीत.

सी-३०१ सर : त्यांचं बरोबरच होतं. कारण फक्त वेगळं. वेल विषारी आहे.

ए-१०१ वहिनी : आमच्या आजी सांगतायत, मी टाईप करते. "सर म्हणत्यात ते खरं हाय. आमच्या पाटणकडं सुईण कंद उगाळून तळपायाला आन् बेंबीखाली लेप लावायची. बाळ झालं की लगेच धुवून काढायची, घटकाभर बी ठेवायची न्हाय. पोटात द्यायची तर गोष्टच नको. ज्याला ठावं हाय त्यानंच हात लावावा, असं म्हणायची."

बी-३०२ डॉक्टर : आजींना नमस्कार. पण ग्रुपवर सगळ्यांना हात जोडून सांगते, लेपसुद्धा आज कुणी करू नये. या वेलीच्या सगळ्या भागांत कोल्चिसीन असतं, कंदात आणि बियांत जास्त. गाऊट, म्हणजे वातरक्ताच्या दुखण्यावर आम्ही याच औषधाची गोळी देतो, ती अर्ध्या मिलिग्रॅमची. एवढं कमी पुरतं, यावरून अंदाज घ्या. कंद रताळं समजून खाल्ला तर काही तासांत उलट्या, जुलाब सुरू होतात. मग थोडं बरं वाटतं आणि माणूस घरीच थांबतो. तिथंच घात होतो. पुढच्या दोन-चार दिवसांत रक्तपेशी बनणं थांबतं, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, वाचलेल्या माणसाचे केससुद्धा गळतात. कोल्चिसीनवर सहज मिळणारा उतारा नाही. त्यामुळं पोटात गेल्याची शंका जरी आली तरी सरळ हॉस्पिटल गाठायचं आणि वेलीचा तुकडा सोबत न्यायचा. मीठ-पाणी पाजून उलटी काढत बसू नका.

सेक्रेटरी : मग तर उपटलेलीच बरी ना? खाली मुलं खेळतात.

सी-३०१ सर : उपटताना कंद तुटतो, तुकडा जमिनीत राहतो आणि पुढच्या पावसात परत फुटतो. काढलेला कंद कचऱ्यात पडला तर कुत्री, गुरं हुंगणार. दोन फाट्यांचा, नांगरासारखा असतो तो, म्हणून तर हिला 'लांगली' आणि 'हलिनी' म्हणतात. आहे तिथं, तारेच्या पलीकडच्या अंगाला राहू दे. मुलांची खेळायची जागा दुसऱ्या टोकाला आहे. आपण पाटी लावू.

बी-२०२ ताई : आमच्या चिपळूणला तेरड्याच्या गौरीला हीच फुलं बांधतात. 'गौरीचे हात' म्हणतात. पुंकेसर बोटांसारखे पसरलेले असतात ना, म्हणून. आम्ही लहानपणी तोडून आणायचो, पण आई आधी हात धुवायला लावायची आणि मगच फराळाला हात लावू द्यायची.

बी-१०३ ताई : किती सुंदर नाव! पाटीवर 'गौरीचे हात' लिहूया का? किंवा 'अग्निशिखा'?

ए-३०३ दादा : तामिळनाडूचं हे राज्यफूल आहे. तिकडं बियांसाठी शेती करतात, औषध कंपन्या घेतात. अशुभ असतं तर केली असती का? 'अग्निशिखा' छान वाटतंय.

सी-३०१ सर : दोन्ही नावं मला फार आवडतात. फूल आधी हिरवट, मग पिवळं, केशरी आणि शेवटी लालभडक होतं, ते रोज बघणाऱ्यालाच 'अग्निशिखा' सुचलं असणार. तरी पाटीवर 'कळलावी'च मोठ्या अक्षरात हवं. इथल्या माळीदादांना, कामवाल्या मावशींना, आजीला तेच नाव कळतं आणि ते ऐकलं की हात आपोआप मागे येतो. नुसतं 'गौरीचे हात' वाचून मूल फूल तोडायला जाईल. आणि कृपा करून 'बचनाग' लिहू नका. काही ठिकाणी हिलाच बचनाग म्हणतात, पण खरा बचनाग हिमालयात होतो. ती वनस्पती वेगळी, तिचं विष वेगळं. घाईच्या वेळी डॉक्टरांना चुकीचं नाव सांगितलं गेलं तर?

बी-३०२ डॉक्टर : या शेवटच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. फोटो किंवा वेल सोबत आणा, हे त्यासाठीच म्हटलं.

ए-२०४ काकू : बाळंतपणाचं मला माहीतच नव्हतं. राहू दे मग. पण माझा नातू चार वर्षांचा आहे, तेवढं बघा.

सेक्रेटरी : ठीक. माळीदादांना त्या चार फुटांत विळा चालवू नका म्हणून सांगतो. पाटीचा मजकूर असा करू का :
कळलावी (अग्निशिखा, गौरीचे हात). विषारी वेल. फूल लांबून पाहा. कंद, पान, बी तोंडात घालू नये.

सी-३०१ सर : उत्तम. 'विषारी' लाल अक्षरात घ्या. अजून एक, फुलं संपली की शेंगा धरतील. त्या तडकल्या की आतून लालकेशरी बिया दिसतात आणि लहान मुलांना नेमक्या त्याच उचलाव्याशा वाटतात. शेंगा पिकायच्या आत मी हातमोजे घालून काढून घेईन. बी-१०३ ताई, तुमच्या खिडकीतून ती जागा दिसते, शेंगा पिवळ्या पडायला लागल्या की मला फोन करा.

बी-१०३ ताई : हो सर, नक्की.