प्रतिसाद: किल्ल्यावर मागणी घालायची तर टोपी सांभाळा

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर सास-बहू मंदिरापाशी मागणी घालायची आणि फोटोग्राफर ट्रायपॉड लावून लपून बसणार, असा तुमचा बेत वाचला. ट्रायपॉड आधी विसरा. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत त्याला वेगळी परवानगी लागते. ७०-२००ची लेन्स (दूरचं जवळ आणणारी झूम) हातात धरून काम छान होतं.

जागा मात्र झकास. (मागणी घालायला सास-बहूच सापडलं का, असं आमची आत्या विचारेल. तिला सांगायचं, मूळ नाव सहस्रबाहू, देऊळ ११व्या शतकातलं.) देऊळ किल्ल्याच्या पूर्वेच्या कडेला आहे, त्यामुळे संध्याकाळी खाली शहर उजळलेलं दिसतं. तुम्ही दोघं कठड्याजवळ, फोटोग्राफर देवळाच्या बाजूला. गुडघ्यावर बसताना त्याच्याकडे पाठ नको, दोघांचे चेहरे बाजूने दिसू देत.

आता आमची फजिती. दादाने टोपी काढली की फोटो सुरू, अशी खूण ठरली होती. किल्ल्यावरचा वारा कुणाच्या लक्षात? टोपी आपसूक उडाली, फोटोग्राफर खांबाआडून धावत आला आणि वहिनी त्याला म्हणाली, "नको हो भैया, आम्हाला फोटो नाही काढायचे." अंगठी अजून दादाच्या मोज्यात होती! तरी त्याने तिथेच विचारलं. त्या अल्बममधला सगळ्यात चांगला फोटो वहिनी हात हलवून नको म्हणतेय तोच आहे.

तुम्ही खूण म्हणून बुटाची नाडी बांधा. वाऱ्याने सुटत नाही, शिवाय खाली बसलेलेच असता.