जीआय रेलिंगवरचा ऑइलपेंट सुटतोय

देवगडकर:
घर समुद्रापासून साधारण ३०० मीटरवर. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचं रेलिंग, वेल्डिंग जागेवरच झालेलं. रेड ऑक्साइडवर सिंथेटिक इनॅमलचे दोन हात दिले होते. वर्षभरात पापुद्रे सुटले. खाली पांढरी पूड आहे, वेल्डिंगपाशी तांबडा गंज. खरवडून तोच रंग पुन्हा द्यावा का?

रंगकाम_केमिस्ट:
तोच अजिबात नको. इनॅमल आणि नेहमीचा रेड ऑक्साइड, दोन्ही अल्किड, म्हणजे तेलापासून बनवलेल्या राळेचे. त्यातल्या तेलाची जस्ताशी क्रिया होऊन रंगाच्या तळाशी साबणासारखा थर बनतो आणि पकड जाते. ब्रँड बदलून काही फरक पडत नाही.

जुना रंग पूर्ण काढा. मग १० लिटर पाण्यात अर्धा लिटर अमोनिया आणि थोडं डिटर्जंट घालून नायलॉन पॅडने घासा. हातमोजे हवेत, आणि ब्लीच चुकूनही मिसळू नका. त्यानंतर गोड्या पाण्याने भरपूर धुवा. कोकणात ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, कारण रंगाखाली राहिलेलं मीठ ओल ओढतं आणि फोड येतात. सुकल्यावर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच खरखरीत करा. जस्त उडेल इतकं नाही.

वर टू-पॅक (रंग आणि हार्डनर कालवून लावायचा) इपॉक्सी झिंक फॉस्फेट प्रायमर, सुकून ५० ते ६० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग.

फॅब्रिकेटर_सांगली:
वेल्डिंगच्या जागी जस्त जळून गेलेलं असतं, तिथे उघडं लोखंडच आहे. स्लॅग (वेल्डिंगवरची कवची) ठोकून काढा, ग्राइंडरने चकचकीत करा, मग झिंक-रिच प्रायमर ब्रशने लावा. सुकलेल्या थरात जस्त ९० टक्क्यांहून जास्त असल्याचं डब्यावर बघून घ्या. बरेच जण सिल्व्हर पेंट फासतात. त्यात ॲल्युमिनियमची भुकटी असते, त्याने जस्तासारखं संरक्षण मिळत नाही. पाइपची टोकं उघडी असतील तर कॅप बसवा, गंज आतूनही येतो.

देवगडकर:
इपॉक्सीचेच दोन हात दिले तर चालतील? पीयू महाग आहे.

रंगकाम_केमिस्ट:
उन्हात इपॉक्सीची पावडर होते. आतल्या जिन्याला चालेल, बाहेर ५० मायक्रॉन पीयू हवाच. पैसे वाचवायचे म्हणून थर कमी करू नका.

हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच. मिसळलेला माल काही तासांत घट्ट होतो, तेव्हा थोडाथोडाच कालवा. थिनर ओतून तो पुन्हा जिवंत होत नाही. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल किंवा पाइपवर दव असेल तर काम थांबवा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दहानंतर सुरू करून चारपर्यंत हात आवरा, संध्याकाळच्या दवाने ओल्या पीयूची चकाकी जाते.